भुकेची लाज

लग्न होऊन पळसदेवला आले तेव्हा मला माझ्या भुकेची लाज वाटायला लागली. त्याआधी ती कधी वाटली नव्हती.

माहेर कोऱ्हाळ्याचं. तिथं माझी भूक हा घरादाराच्या थट्टेचा विषय होता, पण ती थट्टा मायेची. शाळेतून आले की दप्तर पाठीवर असतानाच मी स्वयंपाकघरात घुसायची आणि आई काही न विचारता भाकरीवर तेल-चटणी घालून हातात द्यायची. वडील म्हणायचे, "हिच्या पोटात इंजन हाय. डिझेल संपलं की जाग्यावर बंद." पुढं मी बी.एड. केलं, इंदापूरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले, तरी पर्समध्ये शेंगदाण्याची पुडी असायचीच. जेवायला उशीर झाला की माझं डोकं ठणकायचं, हात थरथरायचे आणि समोर जो कोणी असेल त्याच्यावर मी खेकसायची. चार घास पोटात गेले की पुन्हा माणसात यायची. सगळ्यांचंच असं असतं अशी माझी समजूत होती.

सासरी आम्ही तिघंच. सासरे लग्नाआधीच गेलेले. नवऱ्याचं इंदापुरात ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान. अंगानं काटकुळा, सतत बोलणारा, एका जागी बसणं ठाऊक नसलेला माणूस. दुपारचा डबा तसाच परत आणायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "अरे, जेवायचंच राह्यलं की!" जेवायचं राहून जातं म्हणजे काय, हे मला कळायचंच नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या भरल्या अंगाच्या, संथ, चेहऱ्यावर कायम एक गारवा. साठीला आल्या तरी केस काळेभोर. माझे तिशीच्या आतच पिकायला लागलेले. आत्यांना घाईनं चालताना किंवा चढ्या आवाजात बोलताना मी कधी पाहिलं नाही.

संध्याकाळी स्वयंपाक झाला की आत्या म्हणायच्या, "पोरगं आलं की बसू समदी." त्यात कसलाही जाच नव्हता. त्यांना खरंच भूक नसायची आणि दुकान बंद करून नवरा कधी येईल याचा नेम नसायचा. मी मात्र झाकलेल्या भाकऱ्यांकडे पाहत बसायची. 'आत्या, मला भूक लागलीय' एवढंच तर म्हणायचं होतं. पण नव्या सुनेच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडेना. मग मी डब्यातली हरभऱ्याची डाळ मूठभर तोंडात टाकायची आणि चावल्याचा आवाज येऊ नये म्हणून मिक्सर लावायची. चूळ भरून बाहेर यायची तेव्हा कान गरम झालेले असायचे. तीस हजारांची नोकरी करणारी बाई स्वतःच्या घरात डाळ चोरून खात होती.

पहिल्या नवरात्राच्या आधी आत्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडं नऊ दिस धरत्यात का उठता-बसता?"

माझी आई उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस धरायची, तोही भगर, बटाटा, शेंगदाण्याची आमटी असा भरपेट. मी कोणताच धरत नव्हते. पण आत्यांच्या उपासाचा गावात केवढा मान आहे ते मला कळलं होतं. नऊ दिवस दोन वेळचा चहा आणि रात्री एखादं केळ, एवढ्यावर त्या घटाची सगळी सेवा करायच्या, अनवाणी देवीला जायच्या, वर चेहरा तसाच टवटवीत. मी म्हणाले, "नऊ दिवस धरतात."

"मग धरशील माझ्यासंगं?"

"धरीन की."

त्यांना इतका आनंद झाला की मला मागं फिरता येईना.

पहिला दिवस कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकत होतं की फळ्यावरचं समीकरण मलाच दोनदा पुसावं लागलं. तिसऱ्या दिवशी पोटात आग पडली. एका मुलीनं वही आणली नाही म्हणून मी तिच्यावर अशी ओरडले की अख्खा वर्ग गप्प झाला. शाळा सुटल्यावर मी एसटी स्टँडवर गेले आणि गाडीवाल्याकडे पाठ करून, पदर पुढं घेऊन, दोन वडापाव उभ्या उभ्या खाल्ले. घरी जाताना बसमध्ये खिडकीशी बसून तोंड बाहेर काढलं, वास जावा म्हणून. मग ते रोजचंच झालं. दिवसभर उपाशी, चारच्या सुमारास वडापाव, आणि संध्याकाळी घटाला माळ घालताना आत्यांच्या शेजारी हात जोडून उभी.

अष्टमीला घरी बायका आल्या. अंगण भरलं. आतल्या खोलीत अखंड दिवा, धूप, गर्दीची ऊब. आत्या एकेकीला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "पयलंच वरीस हाय, पण नऊच्या नऊ दिस धरलंय पोरीनं. शाळा करून." एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "सासूवर गेलीया." मला घाम फुटला. धुराचा वास थेट घशात उतरला. मी उठून अंगणाच्या कडेला पोचायच्या आत सगळं बाहेर आलं.

काय बाहेर आलं ते झाकण्यासारखं नव्हतं. पाव, बटाटा, हिरवी मिरची. अंगणातल्या सगळ्या बायकांनी ते पाहिलं. एका लहान मुलीला तिच्या आईनं तिचं तोंड फिरवून जवळ ओढलं, एवढंच मला दिसलं.

आत्या आल्या. माझा दंड धरला, दुसऱ्या हातानं बादलीतलं पाणी जमिनीवर ओतलं, मग उरलेल्या पाण्यानं माझं तोंड धुतलं आणि मागं वळून बायकांना म्हणाल्या, "पित्त झालंय तिला."

बस. आरती सुरू झाली.

त्या रात्री आत्यांनी स्वतःच्या हातानं भाकरी थापली, दूध गरम केलं आणि ताट माझ्यापुढं ठेवलं. "जेव." त्या समोर बसून राहिल्या, आठ दिवसांच्या उपाशी. रागावल्या असत्या, माहेर काढलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. मी भाकरी कुस्करली आणि खाली मान घालून खात राहिले. मला भूक लागलेलीच होती, आणि त्याची लाज ओकण्याच्या लाजेपेक्षा जास्त होती.

त्यानंतर आमच्यात त्या दिवसाचा विषय निघाला नाही. पण मी खचले. डोकेदुखी वाढली, तोंडात सारखे फोड यायचे, तळपाय जळायचे. केव्हाही डोळे भरून यायचे. शेवटी आत्याच नवऱ्याला म्हणाल्या, "हिला बारामतीला दावून आणू." बारामतीत एक आयुर्वेदाच्या डॉक्टर बाई होत्या, आत्यांच्या गुडघ्याचं औषध त्यांच्याकडचंच. नवऱ्यानं आम्हाला दारात सोडलं आणि तो पाइपांचं बघायला बाजारात गेला.

मला वाटलं होतं नाडी बघतील, पुड्या देतील. पण बाईंनी प्रश्नच सुरू केले. घाम किती येतो? त्याला वास येतो का? पोट रोज साफ होतं की पातळ होतं? झोप कशी? स्वप्नं कसली पडतात? राग किती वेळ टिकतो? सासूच्या मांडीला मांडी लावून बसलेली असताना घामाच्या वासाबद्दल काय सांगणार? मी पुटपुटत उत्तरं देत होते. मग बाईंनी विचारलं, "भूक लागली आणि जेवण वेळेवर मिळालं नाही, तर काय होतं?"



"हात कापत्यात तिचं," आत्या म्हणाल्या. "डोळं लाल व्हत्यात. भांडी आपटती. मंग डाळ खाती, हरभऱ्याची. मिक्सर लावून."

मी आत्यांकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर बाळाचं पोस्टर होतं, त्याच्याकडे पाहत राहिले. मिक्सरमध्ये काहीच नसायचं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. वात, पित्त आणि कफ हे तिन्ही प्रत्येकाच्या शरीरात असतात, पण जन्मतःच कुणात एकाचा जोर जास्त, कुणात दोघांचा. तो जो साचा, ती प्रकृती. तुमच्यात पित्ताचा जोर आहे. भूक तीव्र, पचन झटपट, अंग गरम, घाम फार, केस लवकर पिकतात, डोकं लवकर तापतं आणि लवकर निवतंही. असं माणूस उपाशी राहिलं की पोटातली आग त्यालाच जाळायला लागते. यजमान तुम्ही सांगता तसे असतील तर वाताचे. त्यांची भूक आज आहे, उद्या नाही. आणि सासूबाई कफाच्या. भूक मंद, झोप गाढ, मन स्थिर, ताकद दांडगी. एक वेळ जेवल्या नाहीत तरी त्यांचं काही अडत नाही.

"म्हणजे हा आजार नाही?" मी विचारलं.

"प्रकृती आजार नसते. पण तिच्याविरुद्ध वागत राहिलात तर आजार होतो. आणि तिचं निमित्त करून वाटेल तसं वागायचं असंही नाही." त्यांनी वेळेवर जेवायला सांगितलं. उपाशीपोटी चहा बंद, मिरची आणि आंबवलेलं कमी, जेवणात तूप, रात्री भिजवलेले काळे मनुके सकाळी. शिवाय रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या वेगळ्या. आत्यांना त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही गोड कमी करा, चाला, आणि दुपारची झोप सोडा. गुडघे हलके होतील." आत्यांनी मान डोलावली. दुपारची झोप हा त्यांचा जीव की प्राण होता. त्या सोडणार नाहीत हे आम्हा दोघींनाही कळलं.

येताना गाडीत त्या म्हणाल्या, "भूक लागली की जेवत जा. वाट बघू नगंस कुणाची."

मी "हो" म्हटलं. खिडकीबाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. एवढं सोपं होतं सगळं, आणि मी वर्षभर मिक्सर फिरवत होते.

वेळेवर जेवायला लागले तशी दोन-तीन महिन्यांत मी सावरले. फोड गेले, डोकं शांत झालं. आणि मग, खरं सांगायचं तर, मला त्या ज्ञानाची नशा चढली. मोबाइलवर प्रकृतीचे तक्ते शोधून वाचले. शाळेत मधल्या सुट्टीत मी एकेकीला तपासायला लागले. तुमची कातडी कोरडी, बोटं मोडतात, तुम्ही वाताच्या. तुम्ही सारख्या पेंगता, तुमचा कफ. घरी नवरा किल्ली विसरला की 'वात' म्हणून मोकळी व्हायची. वर्षभर जिची लाज वाटत होती तिला आता शास्त्राचं नाव मिळालं होतं. मी ते नाव सगळीकडे मिरवत होते.

एका चतुर्थीला शेजारच्या काकू आल्या होत्या. अंगणात आत्या शेंगा फोडत बसलेल्या, दिवसभर पोटात फक्त चहा. काकू म्हणाल्या, "तुमच्यावानी उपास कुणाला जमायचा न्हाय बघा. देवीनंच ताकद दिलीया."

मी दारात उभी राहून डब्यातली पोळी खात होते. तोंडातला घास गिळला आणि वर्गात सांगावं तसं म्हणाले, "आत्यांची प्रकृती कफाची हाय, काकू. कफाच्या माणसाला भूकच मंद असते. त्यांना त्रास व्हायचा प्रश्नच येत न्हाय."

काकू मोठ्यानं हसल्या. "म्हंजी देवीचा न्हाय, कफाचा उपास म्हणा की!"

आत्यांचा हात शेंगेवर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काकूंकडेही नाही. चेहऱ्यावरचा तो गारवा क्षणभर कुठं तरी गेला, आणि त्याखाली काय होतं ते मला दिसलं. भर अंगणात माझी झालेली, तीच गत त्यांची झाली होती. तेव्हा पाणी ओतून ते धुवायला त्या होत्या. आता मी हातात पोळी घेऊन उभी होते.

"चा ठेव काकूस्नी," आत्या म्हणाल्या.

मी आत गेले. चहाला आधण ठेवलं आणि ते आटेपर्यंत ओट्याशी उभी राहिले. मला बाहेर जायचंच नव्हतं. काकूंनी ती गंमत गावभर केली असणार, कारण पुढं दोन-तीन जणींनी मला हसत विचारलं, "काय म्हणतोय सासूबाईचा कफ?" आत्यांनी मात्र एका शब्दानंही विषय काढला नाही. त्या काढत नाहीत. मी रोज ठरवायची की आज बोलायचं, आणि रोज गिळून टाकायची.

पुढचं नवरात्र आलं तेव्हा घर झाडून-सारवून झाल्यावर आम्ही गोधड्या धुवायला पाण्यावर गेलो. त्या दिवसांत उजनी धरणाचं पाणी पार वरपर्यंत आलेलं असतं. जुनं देऊळ पाण्याखाली, वर नुसते बगळे. आत्या खडकावर गोधडी आपटत होत्या, मी पिळत होते. ओली गोधडी दोघींच्या हातात ताणलेली असताना मी म्हणाले, "आत्या, त्या दिवशी माझं चुकलं."

"कवा?"

"काकूंच्या म्होरं. कफाचं बोलले ते."

त्यांनी आपलं टोक पिळलं.

"चुकली न्हाईस. खरं बोललीस, त्येचाच राग आला मला."

"म्हणजे?"

"मला भूक लागत न्हाय गं. कवाच लागत न्हाय. लगीन हून आले तवापास्नं. माझी सासू समद्यास्नी सांगायची, देवीचं लेकरू हाय आमची सून. नवमीला बायका पाया पडायच्या. आन् मला आतनं वाटायचं, म्या काय केलंय? ज्येला लागतच न्हाय त्येनं खाल्लं न्हाय, त्यात काय मोठं? पर सांगायचं कुणाला? सांगितलं तर मान जायाचा." त्यांनी गोधडीला आणखी एक पीळ दिला. "तू अंगणात वकलीस न्हवं, तवा मला वाटलं, उपास हिनं केला. म्या न्हाय."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"लाज वाटली."

गावातल्या बायका जिच्या पायाला हात लावतात ती बाई तीस-पस्तीस वर्षं ती लाज पोटात घेऊन घटासमोर बसत होती, आणि मी ती मधल्या सुट्टीतल्या विद्वत्तेनं चारचौघींत उघडी केली होती. मी रडायला लागले. आत्यांनी गोधडीचं टोक ओढून म्हटलं, "धर नीट. चिखलात जाईल."

घरी येताना त्या म्हणाल्या, "औंदा मी येगळं काय तरी सोडणार हाय."

"काय?"

"दुपारची झोप."

मी चालता चालता थांबले. त्या खाली बघून चालत होत्या. गोड आणि झोप सोडून त्यांना जगात कशाची ओढ नव्हती, आणि देवीला द्यायचं तर ज्याची ओढ आहे तेच द्यावं, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसत होतं.

"मग मी काय सोडू?" मी विचारलं.

"तू वरडायचं सोड," त्या म्हणाल्या. "आन् भाकरी खा. उपाशीपोटी जमायचं न्हाय तुला ते."

घट बसले. सकाळी आत्या अंघोळ करून आधी माझ्यासाठी भाकरी थापायच्या, मग पूजेला बसायच्या. उपास त्यांनी नेहमीसारखा धरलाच होता. त्या उपाशी आणि मी ताटावर, हे बघून माझी मान अजूनही खाली जायची. आलेल्या बायकांना त्या स्वतःच सांगायच्या, "हिला उपास न्हाय. हिच्या पोटाला चालत न्हाय." कुणी हसायचं, कुणी मान हलवायचं. माझा चेहरा तापायचा. पण घास मी टाकायची नाही.

ओरडायचं सोडलंय हे मी दुसऱ्याच दिवशी विसरले. नवरा मोटार चालू करून दुकानात निघून गेला आणि टाकी भरून अंगणभर पाणी झालं. मी फोनवर त्याच्यावर असा आवाज चढवला की पलीकडं गिऱ्हाइकांनाही ऐकू गेला असेल. फोन ठेवला आणि लक्षात आलं. जीभ चावून मी ओसरीवर आले.

रविवार होता, टळटळीत दुपार. आत्या भिंतीला टेकून गहू निवडत बसल्या होत्या. सुपातला हात थांबलेला, मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. माझ्या ओरडण्यानंही त्या जाग्या झाल्या नव्हत्या. चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला हाक मारवेना. पण जागं करायला त्यांनीच बजावलं होतं.

"आत्या," मी खांद्याला हात लावला. "डोळा लागला तुमचा."

त्या दचकल्या. सुपातले गहू सांडले. पदरानं तोंड पुसत त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "न्हाय लागला." आणि मग, लाजून, "वाईच लागला."

"मी पण ओरडले," मी म्हणाले.

"ऐकलं न्हाय म्या."

मी खाली बसले आणि दोघी मिळून सांडलेले गहू वेचायला लागलो.